अर्थिंगचा बोल्ट

ड्रायव्हरच्या दारात माझा बाप उकिडवा बसलाय.
मोतीबिंदूने दोन्ही डोळे दुधाळलेत त्याचे,
म्हणून डॅशबोर्डखाली डोकं माझं
आणि अक्कल त्याची.

रुस्तावीच्या गाडीबाजारातली ही प्रियुस,
अमेरिकेत कुठे तरी आपटलेली,
पोतीच्या बंदरात क्रेनने उतरवलेली,
नवा रंग फासून बोहल्यावर चढवलेली.
अर्धा पत्रा, अर्धी लांबी.
"रंगावर विसंबू नकोस, तेकला," तो म्हणतो,
"रंग वीज अडवतो."

फेब्रुवारीत वार्केतिलीच्या चौकात
एक जण उलट्या बाजूने येऊन धडकला
आणि हवालदाराला म्हणाला, बाई पेंगत होती.
रात्रपाळीची टॅक्सी, माझे तांबारलेले डोळे,
त्याचं कोण खोटं मानणार?
दंड मी भरला. बंपरही मीच.
म्हणून हा कॅमेरा,
मुठीत मावेल एवढा साक्षीदार.

लाल वायर फ्यूजला लागली.
पिवळी लागली, चावी फिरवली की जागी होणारी.
काळीचा अर्थ काही लागेना.

पहिला बोल्ट हाताशीच होता, दहा नंबरचा.
आवळला. कॅमेऱ्याचा दिवा लागला, मी खूश.
बापाने मूठ वळून डॅशबोर्डवर ठोसा दिला,
काखेतीचा रस्ता देतो तसा.
दिवा गेला. परत आला,
आणि तारीख पुन्हा एक जानेवारी.
"खाली रंग आहे," तो म्हणाला, न बघता.

दुसरा चकचकीत, जणू माझीच वाट बघत असलेला.
"जवळ पिवळ्या वेष्टणातली वायर आहे?"
आहे.
"मग हात काढ.
तो एअरबॅगच्या कामाला बांधलेला आहे.
उद्या तुझ्या छातीपुढे उघडायची वेळ आली
तर त्याने तुझ्या कॅमेऱ्याची वायर सांभाळत बसू नये."

मी पाठीवर पडून विचारलं,
चार रबरांवर उभी ही, जमिनीला कुठेच टेकत नाही,
मग जमीन म्हणायचं कशाला?
"तिच्या अंगालाच," तो म्हणाला.
"उघडं अंग शोध."

पायाजवळचं कव्हर काढलं, गालिचा उचलला.
कुणा अनोळखी मुलाचं एक निळं क्रेयॉन सापडलं,
ते खिशात टाकलं.
तिथे, खांबाच्या मुळाशी, तिसरा बोल्ट.
सँडपेपरने घासत राहिले,
करडा रंग गेला, त्याखालचा पिवळट गेला,
मग नाण्याएवढी चकाकी.

त्याने कारखान्यातला काट्याचा मीटर आत सरकवला,
कातडी पिशवीसकट.
"काटा कुठे?"
शून्यावर.
"थरथरतोय?"
नाही.
पुन्हा ठोसा. "आता?"
नाही.

मग, मी बोल्ट आवळत असताना, तो म्हणाला,
"ओतारने अर्थिंग रंगवलेल्या पाइपाला जोडलं होतं."
हे नाव मी घरात कधी ऐकलेलं नव्हतं.
पुढचं वाक्य येईल म्हणून पाना थांबवला.
आलं नाही.
त्याने व्हॅसलीनची डबी पुढे केली:
"वरून चोपड, नाही तर गंज धरेल."

कव्हर बसवलं. एक क्लिप तुटली, टेप लावली.
गुडघे दाबत तो उठला,
बॉनेटवर तळवा टेकवत टेकवत
गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला,
तोंड जरा भलत्याच दिशेला.
छोट्या पडद्यावर पहिली नोंद सुरू झाली होती,
तारीख बरोबर, वेळ बरोबर.

"दिसतोय का मी?"

अर्धा, बाबा.
थोडा डावीकडे सरक.